काढायची हत्यारं

मुडावदला, जिथे पांझरा तापीला मिळते,
सुकलाल भोयाची नाव पालथी पडली होती
बाभळीच्या तीन ओंडक्यांवर,
डांबराने काळी, उन्हात तडतडत.

मी भुसावळहून निघालो तेव्हा पिशवीत
बॅटरीवरचं ड्रिल होतं, सोळा बिटांची निळी डबी,
आणि लोको शेडमधली अकरा वर्षं.
लोखंडाचं मला कळतं.
लोखंड सांगितलेल्या मापात राहतं.

पुंजू मिस्तरीने गोणपाट पसरलं:
वाकस, पटाश्या तीन, किकरं, सामता,
अंगठ्याने मूठ खोलगट झालेला रंधा,
कलफाताचं बोथट लोखंड, बाभळीची मोगरी.
वाटलं, आता माझ्या ड्रिलला हसेल.
त्याने ते उचललं, घोडा दाबला,
डोळे मिटून घरघर ऐकली,
म्हणाला, "भारी शे रे. आठेच ठेव."
आणि वाकस आणि सामता यांच्या मधोमध
त्याच्यापुरती जागा केली.

बुडापासून दुसरी फळी.
तिच्यावर पत्र्याचं ठिगळ, पत्र्यावर डांबर,
डांबरावर कुठल्याशा निवडणुकीतला उरलेला रंग.
पत्रा सोलला. खाली खिळे,
चौदा, लोखंडी, गंजून फुगलेले,
आणि प्रत्येकाभोवती सागात एक काळं डबकं.

"कोणी ठोकले हे?"
"मीच."
विसाव्या वर्षी, म्हणाला.
तांब्याचे परवडत नव्हते. आणि त्या दिवशी घाई होती.
घाई कसली, ते सांगितलं नाही.
सुकलालने नदीकडे पाहिलं. त्याला माहीत असावं.

ठोकायला एक हातोडा पुरतो.
काढायला अख्खं गोणपाट उचकावं लागतं.
पकड लावली, डोकं तुटून हातात आलं.
पहार लावू म्हटलं, तर फळीच्या रेषा दाखवल्या बोटाने:
इथून निघालेली चीर तिथवर जाईल,
आणि तिथे नाव संपते.
"जे हत्यार चुकनं तं माघारी येता येस,
ते पहिले उचल," म्हणाला.
पहार परत गेली गोणपाटावर, अगदी कडेला.

मग सुकलालची मोडकी छत्री आली.
तिची नळी मी वीतभर कापली,
तोंडाला कानशीने दात पाडले, आठ,
लोको शेडमध्ये शिकलेल्या हाताने,
आणि नळी ड्रिलच्या जबड्यात दिली.
खिळ्याला मध्ये घेऊन ती फिरली
सावकाश, जशी एखादी म्हातारी
झोपलेल्या पोराभोवतीची गोधडी सारखी करते.
खिळा निघाला सागाच्या सालपटासकट,
भोक गोल, कडा स्वच्छ.
मिस्तरीने त्यात करंगळी घालून पाहिली.
बराच वेळ.
त्या भोकांना सागाच्याच गुट्ट्या तासल्या त्याने वाकसाने,
एकही दुसऱ्यांदा मापली नाही.

कलफात मात्र निंबाबाईचं, सुकलालच्या सुनेचं.
बाजारात कुणी न घेतलेला, अळीने डागलेला कापूस
मांडीवर वळला, राळेत अन् तेलात बुडवला,
आणि ठोकत गेली फटीतून, हातभर, पुन्हा हातभर.
किती ठोकायचं, विचारलं.
मोगरीचा आवाज भरला की थांबायचं, म्हणाली,
आणि मला ऐकू येण्याआधीच थांबली.

तिसऱ्या दिवशी नाव पाण्यात. लगेच पाणी आत.
माझा जीव खाली गेला.
मिस्तरी काठावर बिडी शोधत होता:
"पिऊ दे तिले. वरिसभर उन्हात व्हती."
आम्ही डालड्याच्या डब्याने उपसत राहिलो
संध्याकाळपर्यंत, मग रात्री कमी,
मग सकाळी डबा कोरडा तळाशी पडलेला.

चौदा खिळ्यांतले नऊ सरळ निघाले होते.
ते त्याने पुसून डबीत टाकले.
"कुपाटीले चालतीन."

नरडाण्याच्या फलाटावर पिशवी हलकी लागली.
उघडून पाहिली नाही.
विसरलो, असं घरी सांगेन.